नाव घेऊन नमस्कार : मायन्याचे लाघव

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास 'मायना' हा शब्द अपरिचित नाही. पत्राच्या आरंभी ज्यास पत्र लिहावयाचे त्याचे नाव, त्याच्या योग्यतेस साजेशी बिरुदे, लिहिणाराचे नाव आणि अभिवादन यांची जी ठरलेली मांडणी असते तिला मायना म्हणतात. सातारा ही छत्रपतींची राजधानी होती, आणि सांगली, मिरज, तासगाव ही पटवर्धनांची ठाणी. या टापूतील दप्तरांत असे मायने हजारोंनी पडून आहेत. त्यांकडे आजवर शिष्टाचाराचा एक भाग म्हणूनच पाहिले गेले. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार एका निराळ्या प्रश्नाच्या अनुरोधाने करावयाचा आहे. माणसास त्याच्या नावाने अभिवादन करण्याचा कमीत कमी शब्दांतील विधी कोणता, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न अलीकडे संगणकाच्या वर्गात रोज विचारला जातो. नवशिक्याने प्रथम असा प्रोग्रॅम लिहावा की ज्याने समोरच्या माणसाचे नाव विचारून घ्यावे व त्या नावानिशी त्यास नमस्कार करावा. हे साधले म्हणजे हुशार विद्यार्थी पुढची पैज लावतात की तेच काम कोण किती कमी अक्षरांत करतो. खेळ म्हणून तो निरुपद्रवी आहे. परंतु त्यात एक गृहीत धरलेले असते, ते असे की लांबी ही प्रोग्रॅमची स्वतःची आहे व ती मोजता येते. मायन्याचा इतिहास या गृहीताची चांगली परीक्षा घेतो, आणि उलटपक्षी या खेळामुळे मायन्यातील काही गोष्टी आपणांस नव्याने दिसतात.

प्रथम प्रोग्रॅमची बाजू थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे ब्रायन कर्निघन यांनी १९७४ च्या एका टिपणात, व पुढे डेनिस रिची यांच्यासह लिहिलेल्या १९७८ च्या पुस्तकात, 'सी' भाषेचा पहिला धडा म्हणून जगाला नमस्कार करणारा प्रोग्रॅम दिला आणि तो सर्वत्र रूढ झाला. पण त्या नमस्कारात नावाला जागा नाही. जग सर्वांना सारखेच, त्यामुळे काही विचारावे लागत नाही. नाव विचारावयाचे म्हणजे यंत्राने थांबून माणसाचे ऐकले पाहिजे. डार्टमथ येथे १९६४ साली सुरू झालेल्या 'बेसिक' भाषेच्या पहिल्या आवृत्तीत तशी आज्ञाच नव्हती. ती मागाहून घालण्यात आली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'पायथन' भाषेत आज हे काम एका ओळीत होते. नागरीत लिहून दाखवावयाचे तर ती ओळ अशी :

प्रिंट("नमस्कार",इनपुट())

मूळ आज्ञा रोमन लिपीत असतात. त्यांची चिन्हे व नागरीतील नमस्काराची चिन्हे मिळून ही ओळ २४ चिन्हांची होते. आतल्या कंसाच्या जोडीपाशी यंत्र थांबते, माणूस नाव लिहितो, आणि ते नाव जसेच्या तसे नमस्कारापुढे येऊन बसते. 'जसेच्या तसे' हे शब्द वाचकाने ध्यानात ठेवावेत.

आता मायना पाहू. समान दर्जाच्या दोन गृहस्थांमधील अठराव्या शतकातील पत्राचा सर्वसाधारण आरंभ असा असे : वर मध्यभागी 'श्री', मग 'राजश्री' अमुक 'गोसावी यांसि', मग 'सेवक' किंवा 'स्नेहांकित' अमुक 'नमस्कार विनंति उपरि येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, विशेष'. पुढे मजकूर. दर्जा वाढला की 'राजश्री'च्या आधी 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य' ही विशेषणे लागत. (येथील 'गोसावी' म्हणजे बैरागी नव्हे, स्वामी वा धनी, विद्यार्थी पहिल्या वाचनात हमखास फसतात.) या साच्यात दोनच जागा रिकाम्या आहेत, एक ज्यास लिहावयाचे त्याच्या नावाची आणि दुसरी लिहिणाराच्या नावाची. बाकी सारे ठरलेले. कारकुनाला मायना पाठ असे. त्याने फक्त नावे भरावयाची.

परंतु मराठीत नाव भरणे दिसते तितके सोपे नाही. आपल्या भाषेत विभक्ती लागली की नामाचे सामान्यरूप होते. 'गोविंद' याचे 'गोविंदास' होते, हाक मारताना 'गोविंदा' होते. आकारान्त, ईकारान्त, ऊकारान्त नावांच्या तऱ्हा आणखी वेगळ्या. नाव जसेच्या तसे साच्यात बसवावयाचे तर साच्यानेच काही युक्ती केली पाहिजे. ती युक्ती 'गोसावी यांसि' या दोन शब्दांत आहे. विभक्तीचा प्रत्यय नावाला न लावता नावामागून येणाऱ्या सर्वनामाला लावला आहे. 'राजश्री गोविंद हरी गोसावी यांसि', 'राजश्री परशुराम रामचंद्र गोसावी यांसि' : नाव कोणतेही असो, त्याच्या एका अक्षरालाही धक्का लागत नाही. शिवाय 'यांसि' हे आदरार्थी अनेकवचन असल्यामुळे स्त्रीला लिहावयाच्या पत्रात 'मातुश्री' अमुक 'बाई यांसि' असे केले की तेच शेपूट चालते. ज्याने हा साचा प्रथम घडवला त्याला व्याकरणाची ही अडचण स्पष्ट कळली होती असे आमचे म्हणणे नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या लेखनाने तो घासून घासून असा झाला असावा. पण तो झाला आहे खरा, आणि आजही सरकारी पत्रातील 'श्री. अमुक यांस' किंवा 'यांजकडून' यांत तो जिवंत आहे.

ही युक्ती विसरली म्हणजे काय होते याचा पुरावा आज प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीवर मिळतो. 'गोविंद ने पैसे पाठवले', 'सुनीता ला उत्तर द्या' अशी वाक्ये यंत्रे आपणांस दाखवितात. परभाषेत बनविलेल्या साच्यात मराठी नाव जसेच्या तसे टाकल्याचा तो परिणाम आहे. पेशवाईतील सामान्य कारकुनाने तेथे 'गोविंद यांनी' लिहिले असते व प्रश्न मिटला असता. दोनशे वर्षांपूर्वी सुटलेले कोडे पुन्हा नव्याने घालून घेण्याचे कारण नाही, एवढे येथे नोंदवून पुढे जातो.

येथवर मायना व प्रोग्रॅम यांचे साम्य दिसले. भेद याहून महत्त्वाचा आहे. वरील प्रोग्रॅम नावाखेरीज काहीच विचारीत नाही. त्यास राजा आणि रंक सारखेच. मायन्यास मात्र नाव पुरत नसे. नाव भरण्यापूर्वी लेखकाने लिहिणारा व वाचणारा यांचे नाते ठरवावे लागे, व त्यावरून साचा निवडावा लागे. ब्राह्मण ब्राह्मणास 'नमस्कार' लिही; मराठा सरदार ब्राह्मणास 'दंडवत' लिही; मराठा सरदारांत 'रामराम' चाले; वडील धाकट्यास 'आशीर्वाद' देत. सेवकाने धन्यास 'विज्ञापना' करावयाची, धन्याने सेवकास 'आज्ञा'. शाहू छत्रपतींच्या पत्रांत राज्याभिषेक शक व 'क्षत्रियकुलावतंस' या बिरुदानंतर अमुक यांसि 'आज्ञा केली ऐसीजे' असा साचा येतो. तेथे कुशल विचारण्याचा प्रश्नच नाही. जात, वय, पद, सोयरीक या साऱ्यांची उत्तरे आधी मिळाल्याखेरीज लेखणी उचलता येत नसे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. ज्याच्या वाट्याला नेहमी 'आज्ञा'च येई त्याला या साच्यांच्या सौंदर्याचे कौतुक वाटले नसेल. सर्वांना एकच नमस्कार करणारे यंत्र या बाबतीत नक्कीच अधिक सभ्य आहे. परंतु इतिहासकाराला मायना जे सांगतो ते यंत्राचा नमस्कार सांगू शकत नाही.

एक उदाहरण पुरे आहे. शाहूराजे जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास सिंहासनावर बसले व डिसेंबर १७४९ मध्ये वारले. त्यानंतर सत्ता पुण्यास गेली आणि साताऱ्याचे छत्रपती बव्हंशी नजरकैदेतच राहिले. तरीही पेशवे पदाची वस्त्रे साताऱ्याहूनच येत राहिली, दुसऱ्या बाजीरावालाही १७९६ मध्ये ती तेथूनच मिळाली. आणि पेशव्यांच्या मुद्रेत आधी राजाचे नाव व मग प्रधानाचे, हा क्रमही कायम राहिला. ज्याच्या हाती काही नाही त्यास 'स्वामी' लिहावयाचे व ज्याच्या हाती सर्व आहे त्याने 'सेवक' लिहावयाचे, ही विसंगती सत्तर वर्षे बिनबोभाट चालली. मजकुरावरून सत्ता कोठे आहे हे कळते, मायन्यावरून अधिकार कोठे आहे हे कळते. दोन्ही जवळजवळ ठेवून वाचली तरच अठराव्या शतकातील राज्यव्यवस्था समजते.

आता लाघवाकडे वळू. मायना जितका रूढ तितका तो आखडत जातो. 'राजमान्य राजश्री' याचे 'रा. रा.' झाले, 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' याचे 'सा. न. वि. वि.'; 'तीर्थरूप' याचे 'ती.', 'चिरंजीव' याचे 'चि.', 'वेदशास्त्रसंपन्न' याचे 'वे. शा. सं.', 'अनेक उत्तम आशीर्वाद' याचे 'अ. उ. आ.'. मोडी कागदांत ही खोड जुनीच आहे. तेथे 'कसबे' याबद्दल 'क' पुढे दोन दंड देऊन काम भागवीत आणि चांद्रमासाची तारीख नुसत्या 'छ' या अक्षराने सुरू करीत. १८७९ साली हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, आणि त्या चिमुकल्या कागदावर या संक्षेपांना घरोघर मान मिळाला. 'ती. दादांस सा. न. वि. वि.' एवढ्यात नाते, अभिवादन व विनंती ही तिन्ही आली. पायथनच्या २४ चिन्हांशी तुलना केली तर मराठी पोस्टकार्ड मुळीच मागे नाही. उलट त्याने नातेही सांगितले.

हे लाघव कोठून आले? 'सा.' म्हणजे 'साष्टांग' हे त्या अक्षरात नाही. ते वाचणाराच्या मनात आहे. लिहिणाराने जेवढे वाचविले तेवढे वाचणाराने आधीच साठवून ठेवले आहे. तारखात्याने हीच गोष्ट उघडपणे केली होती. दिवाळीच्या वा लग्नाच्या शुभेच्छांची वाक्ये क्रमांक देऊन ठरविलेली असत. सातारच्या माणसाने सांगलीच्या भाचीला तार करताना नाव, पत्ता व एक आकडा द्यावयाचा. सांगलीच्या तारघरात त्या आकड्याचे पूर्ण वाक्य होऊन तार हाती पडे. २०१३ च्या जुलैमध्ये ही सेवा बंद झाली. तारेतून गेला तो एक आकडाच, पण त्याचा अर्थ दोन्ही तारघरांत ठेवलेल्या छापील यादीत होता. यादी हरवली तर आकडा मुका.

गणितज्ञांनी ही गोष्ट याच सुमारास नेमकी करून मांडली होती. रशियन गणिती कोल्मोगोरोव यांनी १९६५ मध्ये एखाद्या मजकुराची गुंतागुंत म्हणजे तो मजकूर उत्पन्न करणाऱ्या सर्वांत लहान प्रोग्रॅमची लांबी, अशी व्याख्या केली. सॉलोमनॉफ व चैतिन हेही त्याच काळात स्वतंत्रपणे तेथे पोहोचले. या व्याख्येत ती लांबी कोणत्या यंत्रावर मोजावयाची हे सांगावे लागते. यंत्र बदलले तर लांबी बदलते, मात्र तो फरक एका ठराविक मर्यादेपलीकडे जात नाही, असा सिद्धांत आहे. गणिती त्या ठराविक फरकाकडे दुर्लक्ष करतो, कारण मजकूर लांबत गेला की तो नगण्य होतो. नमस्कारासारख्या इवल्या मजकुरात मात्र तो फरक हेच सर्वस्व आहे, आणि आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे काम नेमके त्यातच असते.

आपल्याकडील वैयाकरणांना हे अगदीच नवे वाटले नसते. अर्धी मात्रा वाचली तरी त्यांना पुत्रजन्माचा आनंद होतो, अशा आशयाची परिभाषा नागेशभट्टाच्या परिभाषेन्दुशेखरात शेवटी येते. या ग्रंथाच्या अध्ययनाची एक मोठी परंपरा साताऱ्यास नांदली. एकोणिसाव्या शतकातील भास्करशास्त्री अभ्यंकर हे तिचे आधारस्तंभ. त्यांचे नातू महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री यांची या ग्रंथावरील टीका काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी १९६२ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. पाणिनीचे सूत्र आखूड आहे, कारण आधीच्या सूत्रांतील पदे पुढच्यात अनुवृत्तीने येतात व संज्ञांचे अर्थ आधीच बांधलेले असतात. अनुवृत्ती ठाऊक नसलेल्याला सूत्र म्हणजे अक्षरांची चिमूट. भास्करशास्त्र्यांच्या पाठशाळेतील विद्यार्थ्याने सूत्रांचे लाघव भोगले ते वर्षानुवर्षांच्या पाठांतराची किंमत मोजून.

यंत्राच्या बाबतीत ही किंमत कोणी मोजली हे सहसा दिसत नाही, पण नागरीत लिहू गेले की दिसते. 'नमस्कार' हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणतो. संगणकाच्या युनिकोड संकेतात तो सात चिन्हांचा आहे, कारण हलन्त व काना वेगळे मोजले जातात. आणि साठवणुकीच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन याप्रमाणे त्याचे २१ बाइट होतात. रोमन लिपीतील पाच अक्षरी अभिवादनाला पाचच बाइट लागतात. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ठरविलेल्या संकेतात हाच शब्द सात बाइटांत मावत असे. म्हणजे तोच शब्द, तेच वाचक, आणि लांबी मोजपट्टीप्रमाणे चार, सात किंवा एकवीस. पायथनच्या जुन्या शाखेत तर २००६ च्या आवृत्तीपासून असा नियम होता की प्रोग्रॅमात रोमनखेरीज अन्य लिपीचे अक्षर असेल तर कोणता संकेत वापरला आहे ते आरंभीच सांगावे. न सांगितल्यास यंत्र प्रोग्रॅम चालविण्याचेच नाकारी. इंग्रजी नमस्कार एका ओळीत होई, मराठी नमस्कारास बहुधा वर आणखी एक ओळ लिहावी लागे. डिसेंबर २००८ मध्ये नवी शाखा निघाली व ही सक्ती संपली. मराठी नमस्कार त्या दिवशी आखूड झाला तो लिहिणाराच्या कौशल्याने नव्हे. यंत्राने आपली लिपी आधीच शिकून ठेवली म्हणून.

या विवेचनाचा आपल्या नित्याच्या कामाशी संबंध आहे, व त्यासाठीच हा लेख लिहिला आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत शिक्षकाची नोकरी सांभाळून १८९७ पासून पटवर्धनी दप्तरातील पत्रे ऐतिहासिक लेखसंग्रहाच्या रूपाने छापण्यास आरंभ केला. दुसऱ्याच वर्षी राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड वाईस सापडलेल्या कागदांवरून निघाला. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १९०८ पासून इतिहाससंग्रह चालविला. या मंडळींनी जे केले त्यावर आपण उभे आहोत. परंतु त्या काळच्या व त्यानंतरच्याही अनेक छापील संग्रहांत मायना गाळण्याचा किंवा टिंबे देऊन आखडण्याचा प्रघात पडला. कागद महाग, छपाई महाग, आणि मायना तर सर्वांना ठाऊक! त्यांच्या वाचकांस तो खरोखरीच ठाऊक होता. आजच्या विद्यार्थ्यास नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली. पोस्टकार्डही व्यवहारातून जवळजवळ गेले आहे. तेव्हा टिंबांच्या जागी काय होते हे आज तर्कानेही भरून काढता येत नाही.

यात काय गमावले जाते? पुष्कळ मराठी पत्रांवर तिथी किंवा चंद्र असतो, वर्ष नसते. पत्र कोणत्या वर्षीचे हे आतल्या पुराव्यावरून ठरवावे लागते. पटवर्धन घराण्यात तर नावांच्या पुनरावृत्तीचा आणखी घोळ. माणसाचा निर्देश आडनावाने न होता स्वतःचे नाव व बापाचे नाव यांनी होतो : गोपाळराव गोविंद, परशुराम रामचंद्र, चिंतामण पांडुरंग. आणि मजकुरात हे दुहेरी नावही सहसा येत नाही. तेथे नुसते 'राव', 'भाऊ', 'दादा'. पूर्ण नाव येते ते एका मायन्यातच. लिहिणारा वडील की धाकटा, पत्र १७६१ मध्ये मिरज गोविंद हरींकडे आल्याच्या आधीचे की नंतरचे, १८०१ च्या सुमारास सांगलीची पाती वेगळी झाल्यानंतर चुलत्या-पुतण्यांमधील भाषा थंडावली की काय, या प्रश्नांना 'आशीर्वाद' आहे की 'नमस्कार', 'चिरंजीव' आहे की 'राजश्री', यावरून पुष्कळदा उत्तर मिळू शकते. संपादकाने चार शब्द वाचविले आणि नेमकी हीच साक्ष कापली गेली.

सध्या ठिकठिकाणी मोडी कागदांच्या छायाप्रती घेऊन त्यांच्या सूची संगणकावर चढविण्याचे काम चालू आहे. अशा सूचीत पत्र कोणाचे, कोणास, तारीख व सारांश असे रकाने असतात. मायन्याला रकाना सहसा नसतो. तो असावा. त्यात मायना मुळाबरहुकूम उतरावा. मुळात 'रा. रा.' असेल तर 'रा. रा.'च लिहावे, 'राजमान्य राजश्री' असे फोडून लिहू नये. कारण कोणी कोणास आखूड लिहिले हीही माहितीच आहे. संक्षेपाची फोड करावयाची ती शेजारच्या दुसऱ्या रकान्यात करावी. अभिवादनाचा शब्द आणि 'श्री'नंतरचे दैवत, जेथे असेल तेथे, स्वतंत्र नोंदवावे. दक्षिण सातारा या नावाने १९४९ मध्ये वेगळा झालेला व १९६० पासून सांगली म्हणून ओळखला जाणारा जिल्हा आणि सातारा जिल्हा, या दोहोंतील खासगी दप्तरांची पाहणी करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी निदान शंभर शंभर पत्रांपुरता हा प्रयोग करून पाहावा. एका पत्रामागे लागणारा वेळ दोन-तीन मिनिटांनी वाढेल.